राख म्हणून सांगितलेलं खत

प्रिय बाय,

तुला पत्र लिहायचं मी फेब्रुवारीपासून टाळतोय आणि आता मे संपत आला. सुरुवात तीनदा केली. पहिलं पान विजयदुर्गला एका ट्रॉलरवर भिजून गेलं. दुसरं मी स्वतःच फाडलं, कारण चार ओळींतच मी त्यात फार चांगला माणूस दिसायला लागलो होतो. तिसरं जवळजवळ पुरं झालं होतं, तर त्यात कुणीतरी सुका बांगडा बांधून नेला. फोनवर बोललो असतो, पण फोनवर मला थापा मारता येतात, हे थोरली बहीण म्हणून तुलाही माहीत आहे. कागदावर मी एवढा हळू लिहितो की थाप मध्येच थकून खाली बसते.

तर सध्या मी देवगडला आहे, आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये. हंगाम सरलाच, आता डागी फळं कॅनिंगला चालली आहेत. दुपारी जेवणानंतर शेड तासभर गप्प होते, तेव्हा दोन पेट्या एकावर एक ठेवून मी लिहायला बसतो. बायका ओळीने आडव्या होतात. त्यातली एक काशीबाई म्हणून आहे, तिला डोळे मिटून नुसत्या वासावर सांगता येतं की आंबा कुठल्या अंगाला तयार झालाय. तिने मलाही हुंगून सांगितलं, तू अजून कच्चो आसस म्हणून. सगळ्या हसल्या. मला राग नाही आला. पण मी भरकटलो. मला तुला गवताबद्दल सांगायचंय.

तुला आठवतं ना, गेल्या वर्षी याच दिवसांत मी तुझ्या त्या पोलादाच्या गावात आलो होतो? आंब्याच्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसून, न कळवता. ट्रक माल उतरवून परत फिरणार होता, तो तिथेच बिघडला म्हणून मला तुझ्याकडे चार दिवस मिळाले. तू सुट्टी काढून मला कारखाना दाखवायला नेलंस. लोक तिथली मोठी भट्टी बघायला येतात. मी मात्र मागच्या बाजूच्या राखाडी डोंगराकडे बघत राहिलो, कारण त्याच्या पायथ्याशी कुंपणाच्या खालून अंग चेपून शेळ्या आत घुसत होत्या. कुंपणाबाहेरही गवत होतंच. पण त्यांना आतलंच हवं होतं. मी तुला विचारलं, ह्या असं का करतात? तू एवढी हसलीस. म्हणालीस, प्रयोगशाळेत आम्ही दोन वर्षं ह्याच प्रश्नावर बसलोय आणि तू नववी नापास माणूस दहा मिनिटांत तिथे पोचलास. बाय, आयुष्यात मला फार थोड्या लोकांनी हुशार म्हटलंय. ते वाक्य मी ट्रकात बसून घरापर्यंत चघळत आलो.

तू मला पोराला समजावतात तसं समजावलं होतंस. पोलाद करताना लोखंडातली घाण काढायला चुना घालतात, तो चुना सगळी घाण पोटात घेऊन वर तरंगतो, ओतून थंड केला की स्लॅग. आपली तांबडी माती आंबट, पावसाने तिच्यातला चुना हजारो वर्षं धुऊन समुद्रात नेलेला. म्हणून भरडावर, आपल्या त्या उंचावरच्या कातळ जमिनीत, काही धरत नाही. त्या स्लॅगमध्ये चुना आहे, थोडं स्फुरद आहे, आणि गवताला ताठ उभं करणारी सिलिका आहे. पण कुठलाही स्लॅग चालत नाही, हे तू दहादा बजावलंस. दीड वर्ष उघड्यावर मुरलेला हवा, पिठासारखा दळलेला हवा, त्यात विषारी धातू नाहीत हे तपासलेलं हवं. अशी तपासलेली दहा पोती तू तुझ्या साहेबांची रीतसर चिठ्ठी घेऊन चाचणीसाठी म्हणून ट्रकात घातलीस. सोबत कागद दिलास, मोठ्या अक्षरात, छोट्या वाक्यांत, कारण लांब वाक्यात मी हरवतो. सात ओळी होत्या. त्यातली पहिली ओळ होती, ‘पप्पांना आधी विचार.’

ती ओळ मी दुमडून मागे घातली, बाय. कागद उघडला की दुसरीपासून दिसायचं.

का, ते तुला सांगायला नको. पण हे पत्र कधी तुझ्या ओवीच्या हाती पडलं, तर माझ्या भाचीला कळावं म्हणून लिहून ठेवतो. ती मोठी होईल तोवर आजोबांबद्दल काहीबाही ऐकेल. लोखंडाच्या खाणीचे डंपर आपल्या वाडीवरून जायचे तेव्हा पप्पांच्या मळ्यातलं भात लाल धुळीखाली गुदमरलं. पप्पा आणि शेजारचे काशिनाथकाका रस्त्यात चटई टाकून बसले, डंपरच्या पुढ्यात, अकरा दिवस. एक जण क्रूस घालून, दुसरा जानवं घालून. आणि सहा वर्षांपूर्वी तुला पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली. तुला वाटलं होतं पप्पा पेढे वाटतील. ते म्हणाले, “ज्येंच्या धुळीन माझा भात मेला, त्येंच्याच घरात चाकरी करूक गेली.” त्यानंतर तुझं नाव नाही. तुला हे कुणी सांगितलं नसेल, पण घरी संध्याकाळी तेर्स, ती माळेची प्रार्थना, म्हणताना पप्पा शेवटी सगळ्यांची नावं घेतात, मेलेल्यांची, आजाऱ्यांची, माझंसुद्धा घेतात, जो कुठे आहे ते देवालाही शोधावं लागतं. तुझ्या जागी ते नुसता श्वास घेतात. एवढाच वेळ, जेवढा तुझं नाव घ्यायला लागेल. त्या रिकाम्या जागेत मम्मी हळूच तुझं नाव घालते.

तर मी पोती घेऊन पोचलो आणि पप्पांनी विचारलं, “ह्या काय हाडलंस?” मी म्हटलं, राख. भट्टीची राख, वीटभट्टीवर फुकट मिळाली. पोती मी वाटेतच उलटी केली होती, छापलेली बाजू आत. मी तेव्हा स्वतःवर इतका खूश होतो! वाटलं, आधी गवत येऊ दे, ते बघून पप्पा आपोआप विरघळतील, मग सांगू. पुढचा विचार करायची मला सवय नाही. मम्मी म्हणते तसं, “तुझे पाय एका जाग्यार रवले तर दर्यो आटतलो.” डोक्याचंही तेच आहे.

आणि मग जे झालं ते तुला मी वेगळं सांगितलं होतं. तुला फोन केला होता ना, की चुकून दोन पोती शेणाच्या खड्ड्यात सांडली, आता काय? तू ओरडली होतीस. ती सांडली नव्हती. राख म्हटल्यावर आपल्याकडचा माणूस काय करतो? चुलीची राख कुठे जाते? शेणाच्या खड्ड्यात. मी बाजारात गेलो होतो, तेवढ्यात पप्पांनी दोन पोती फोडली, खड्ड्यावर हारीने पसरली, वर पाणी मारलं, फावड्याने कालवलं. वर्षभराचं शेणखत होतं ते, मळ्यातल्या भातासाठी राखलेलं. मी आलो तर वास डोळ्यांत घुसत होता. कोंबड्या लांब पळालेल्या. पप्पा डोळे पुसत म्हणाले, “कसली रे राख ही, मिरची जाळल्यासारखी!” कागदावरची चौथी ओळ होती, ‘शेणात किंवा युरियात मिसळू नको, जोर उडून जाईल.’ ती ओळ दुमडलेली नव्हती. ती मी वाचली होती. पण आता ही राख नव्हे म्हणून सांगायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. जोर उडालेलं ते खत मी माझ्या हाताने मळ्यात ओढलं.

उरलेली आठ पोती मात्र तुझ्या कागदाप्रमाणे घातली. तोंडाला फडकं बांधून, वारा पडलेला बघून. भरडावरच्या तुकड्याचे दोन भाग केले. खालच्या आठ गुंठ्यांत पसरून मातीत मिसळलं, वरचे आठ तसेच ठेवले. पाऊस स्थिरावल्यावर दोन्हीकडे नेपियर गवताची कांडी लावली, मध्ये चवळी. आणि बाय, मी आठ महिने कुठे गेलो नाही! गणपतीत काशिनाथकाकांकडे आरतीला गेलो, तेवढंच. वरच्या तुकड्यात गवत गुडघ्याला लागत होतं तेव्हा खालच्यात माझी छाती बुडत होती. चवळीला वर चार पानं, खाली नुसती गर्दी. तू सांगितलंस म्हणून मातीचा नमुना दिला, आंबटपणा उतरलेला दिसला. तरीही तू फोनवर म्हणालीस, हे एकाच तुकड्याचं आहे, जादू म्हणून नाचू नको. मी नाचलो. काशिनाथकाका बांधावर उभे राहून पप्पांना म्हणाले, “अरे पेद्रू, ह्या बघून दोडामार्गच्या रानातले हत्ती हयसर येतले. तू गायी पाळतंस की हत्ती?” पप्पा म्हणाले, “येवंदे. आमच्या डायलनान केल्यान. त्येंकाय पुरात.”

आमच्या डायलनान केल्यान. तू हे वाक्य पुन्हा वाच. मी मनात शंभरदा वाचलंय. रविवारी मिसेची प्रार्थना सुटली की इगर्जीच्या अंगणात सांगायचे, मालवणच्या बाजारात सांगायचे, मासे घेताना मथुरा कोळणीला सांगायचे, तिला गवताशी काय करायचंय! पाऊस गेल्यावर विहिरीचं पाणी दिलं, दर पन्नास दिवसांनी कापणी. गायी सोडल्या की वरच्या तुकड्याकडे मान न वळवता खाली जायच्या, तुझ्या त्या शेळ्यांसारख्या. दरवर्षी जानेवारीत घाटावरचा पेंढा आणावा लागतो, तो या वर्षी आणलाच नाही. मम्मी म्हणायची दूध दाट झालंय. तिच्या म्हणण्याला तपासणी लागत नाही.

आणि या सगळ्यात मळ्यातलं भात पिवळं पडलं होतं. दाणा भरला नाही. शेजारच्या मळ्यात हिरवंगार आणि आपलं आजारी. पप्पांनी पावसाला दोष दिला, बियाण्याला दिला, मग एक दिवस पडवीत बसून आपल्या तळहातांकडे बघत म्हणाले, “माझ्या हाताक आता गुण रवलो नाय. जनावरां देवन टाकतंय कोणाक तरी. भरड डायलन बघात.” जनावरं द्यायची म्हणजे काय, ते तुला कळतं. गायींना चारा घालायला म्हणून तर आपण हे केलं. आणि तो माणूस माझ्यासमोर बसून, माझ्या खोट्यापायी, पन्नास वर्षांच्या आपल्या हाताला नाव ठेवत होता. तेव्हा तरी बोलायचं ना? मी म्हटलं, पप्पा, चहा घेता? त्यांनी घेतला.

पकडलं ते काशिनाथकाकांनी, तेही नकळत. त्यांना तू ओळखतेस, आयुष्य जिल्हा परिषदेच्या कचेरीत गेलं, छापलेलं दिसलं की वाचायचंच, मिठाची पिशवीही सोडत नाहीत. मम्मीने एका पोत्याची खोळ करून लाकडांवर घातली होती. फेब्रुवारीत वारा सुटला, खोळ उलटली, काका सुपारी कातरत बसले होते, त्यांनी मोठ्याने वाचलं. आधी कारखान्याचं नाव, मग खाली ‘स्टील स्लॅग, चाचणीसाठी’. पप्पा गोठ्यातून म्हणाले, “काय म्हणालंस?” काकांनी पुन्हा वाचलं. तेवढ्यात त्यांनाही समजलं, पण वाचून झालेलं होतं.

पप्पा ओरडले नाहीत. कोयता घेऊन भरडावर गेले आणि दुपारपर्यंत सगळं गवत जमिनीलगत कापलं. बांधावर ढीग घातला. गायी वासाने हंबरत होत्या, त्यांना सुका पेंढा घातला, तोही काकांकडून मागून आणून. मला म्हणाले, तपासल्याशिवाय ह्यातली काडी जनावराच्या तोंडात जायची नाही. मग विचारलं, शेणात घातली ती दोन पोती पण हीच? मी हो म्हटलं. त्यांनी कोयता गवतावर पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, “कारखान्याचा हाडलंस म्हणान माका राग नाय. तिणां धाडल्यान म्हणान पण नाय. तू माका राख म्हणान सांगलंस. इतके म्हयने मी माझ्या हाताक गाळी दिलंय, आणि तू बगीत रवलंस. जा तू.” मम्मी दारात उभी होती. ती मध्ये पडली नाही. पहिल्यांदाच.

तर मी निघालो. विजयदुर्ग, मग इथे. मम्मी फोन करते, सांगते की कापलेल्या खुंटांना पुन्हा फुटवे आलेत, खालच्या तुकड्यात जोमाने. पप्पा रोज जाऊन उभे राहतात, कापत नाहीत, घालत नाहीत. मध्ये एकदा ते मातीचं आणि गवताचं पुडकं बांधून एसटीने सावंतवाडीच्या बाजूला कुठेतरी गेले होते, कुठे ते सांगितलं नाही. जनावरं अजून दिलेली नाहीत. वासरू झालंय, तांबडं, कपाळावर पांढरा टिळा. काका म्हणाले, हे माझ्याकडचं दिसतंय.

बाय, लहानपणी तू मला आंब्याच्या पेट्यांवरची नावं दाखवून वाचायला शिकवलंस, शाळेत नाही. मास्तरांना खोटं सांगून मला दोनदा वाचवलंस. गोव्याच्या हॉटेलातून मी पळालो तेव्हा एक प्रश्न न विचारता दार उघडलंस. आणि ती दहा पोती पाठवलीस, ज्या माणसाने सहा वर्षं तुझं नाव घेतलं नाही त्याच्या गायींसाठी. साहेबांकडे उभी राहिलीस, सुट्टीच्या दिवशी स्वतः चाळलंस, तुझ्या हाताला फोड आला होता तो मी बघितला होता. मी कुणाचे कधी नीट आभार मानलेले नाहीत, मला ते जमतही नाही, शब्द तोंडात आले की मला शिट्टी वाजवावीशी वाटते. पण तू नसतीस तर मी एका जागी आठ महिने राहू शकतो हे मला कळलंच नसतं. मी काही लावलं तर ते उगवतं, हे मला माझ्याबद्दल माहीत नव्हतं. हे तू दिलंस.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्या डायलनान केल्यान, असं पप्पा ज्या ज्या वेळी म्हणाले, त्या त्या वेळी मला वाटलं की आता म्हणावं, बायने केलं, पप्पा. आणि दर वेळी मी ते गिळलं. पप्पा रागावतील म्हणून नव्हे; फोनवर असतो तर मी तुला तेच कारण सांगितलं असतं. खरं असं की मला ते फार गोड लागत होतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझा बाप माझ्याबद्दल चारचौघांत छाती काढून बोलत होता. ती शाबासकी तुझी होती. मी ती सहा महिने एकट्याने खाल्ली. निघताना दारात मी शेवटी सगळं सांगितलं, शेळ्या, डोंगर, सात ओळी, तू काय काय केलंस ते, आणि तो कागद उलगडून पहिल्या ओळीसकट त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी हात लावला नाही, पण फेकलाही नाही. तुझं होतं ते तुझ्याकडे आलं पाहिजे, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही, आधी

थांब. बाहेर काशीबाई ओरडतेय की तुझो बापूस इलो. मला वाटलं मस्करी करतेय. उठून बघितलं, तर शेडच्या दारात पप्पा. मिसेला घालायचा पांढरा शर्ट, घामाने भिजलेला. मालवण सोडून पप्पा कधी देवगडला आलेले मला आठवत नाहीत. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लॅबचा कागद आहे, इंग्रजीत, आकडेच आकडे. माझ्याकडे नीट बघितलंही नाही. खोक्यावर बसले, पाणी प्याले, कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, “ह्या माका समाजणा नाय. तिका फोन लाव. विष आसा की नाय ता तिच्या तोंडान सांगांदे. आणि विचार, वरच्या तुकड्यात घालूचा तर पावसाच्या आधी की मागसून?” मी म्हटलं, पप्पा, तुम्हीच विचारा. ते म्हणाले, “लाव तू.”

लावतोय. फोन घ्यायला त्यांनी हात पुढे केलाय. हे पत्र तुला मिळेल तोवर शिळं झालेलं असेल, तरी आजच टपालात टाकतो.

तुझाच,
डायलन